वळलेला रस्ता आणि उरलेली गावे

एकट्याने मोटार हाकीत वाळवंट ओलांडावे, हे अमेरिकन माणसाचे जुने स्वप्न आहे. बरोबर कोणी नाही, वेळेचे बंधन नाही, दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत उजाड माळ आणि मधून सरळ गेलेला रस्ता. मनाला येईल तेथे थांबावे आणि मन भरले की निघावे. या स्वप्नाला कादंबऱ्यांनी, चित्रपटांनी आणि जाहिरातींनी इतके खतपाणी घातले, की पुढे ते अमेरिकेपुरते उरलेच नाही. दूरदूरच्या देशांतील प्रवासी लॉस एंजलिसला उतरतात, भाड्याची मोटार घेतात आणि मोहावीच्या वाळवंटाकडे निघतात. त्यांतील पुष्कळांना जो रस्ता हवा असतो, तो सरकारदरबारी १९८५ सालीच मोडीत निघालेला आहे. त्याचे नाव रूट ६६.

१९२६ मध्ये शिकागो ते लॉस एंजलिस असा आखला गेलेला आणि पुढे सांता मोनिकाच्या समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलेला हा सुमारे २,४४८ मैलांचा रस्ता आठ राज्यांतून जात असे. २०२६ हे त्याचे शताब्दीवर्ष. अशा प्रसंगी स्मरणरंजनाला ऊत येणे स्वाभाविक आहे. परंतु या रस्त्याची कहाणी नुसत्या स्मरणरंजनावर सोडून देण्यासारखी नाही. रस्ता कोठून न्यायचा हा निर्णय सरकार घेते, आणि त्या निर्णयाने काही गावे वसतात व काही उठतात. हे कसे घडते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल.

विक्षिप्तपणामागील हिशेब

या रस्त्याच्या वाळवंटी भागातून एकट्याने जाणाऱ्याला वाटेत जे दिसते, ते प्रथमदर्शनी चक्रमपणाचे प्रदर्शन वाटते. कॅलिफोर्नियातील ओरो ग्रांदे येथे एल्मर लाँग नावाच्या गृहस्थाने लोखंडी खांबांना रंगीबेरंगी बाटल्या अडकवून दोनशेहून अधिक 'बाटल्यांची झाडे' उभी केली. ते २०१९ मध्ये निवर्तले, पण वारा सुटला की त्या बाटल्या वाजत राहतात. पुढे ॲम्बॉय येथे ओसाड माळावर 'रॉइज' या मोटेलची १९५९ साली उभारलेली उत्तुंग पाटी दिसते. ॲरिझोनात शिरल्यावर ओटमन या जुन्या सोन्याच्या खाणीच्या गावात गाढवे भर रस्त्यात मोटारी अडवून खाऊ मागतात. खाणकामगारांनी मोकळ्या सोडलेल्या गाढवांचे हे वंशज. सेलिगमनला एका उपाहारगृहाच्या दाराला दोन मुठी आहेत, त्यांतील एक खोटी. जोसेफ सिटीजवळ एका दुकानावर भल्यामोठ्या काळ्या सशाचे चित्र आहे, आणि हॉलब्रुक येथे काँक्रीटच्या शंकूंत प्रवाशांची निजण्याची सोय केलेली आहे. हे शंकू मूलनिवासी अमेरिकनांच्या तंबूंच्या आकाराचे. वस्तुतः तसले तंबू उत्तरेकडील गवताळ प्रदेशातील जमातींचे, ॲरिझोनाच्या नवाहो वा होपी लोकांच्या घरांशी त्यांचा काही संबंध नाही.

हे सारे पाहून प्रवासी हसतो, छायाचित्र घेतो आणि 'काय एकेक माणसे!' असे म्हणून पुढे जातो. परंतु या विक्षिप्तपणात बराचसा व्यवहार दडलेला आहे. वाळवंटातील दुकानदाराची अडचण शहरातील दुकानदाराहून वेगळी असते. त्याच्या दारावरून रोज शेकडो गिऱ्हाइके जातात. पण ती ताशी साठ मैलांच्या वेगाने जातात, त्याला ओळखत नाहीत आणि पुन्हा कधी येणार नाहीत. मालाची प्रत, उधारीची सोय, पिढ्यान्‌पिढ्यांचा लौकिक, यांतील कोणत्याही गोष्टीचा अशा गिऱ्हाइकावर उपयोग नाही. गिऱ्हाइकाचा पाय ब्रेककडे जावा म्हणून दुकानदाराच्या हाती जेमतेम पाचदहा सेकंद असतात. तेवढ्या वेळात त्याची नजर खिळवायची, तर दुकान दुकानासारखे दिसून भागत नाही. सशाच्या दुकानाने म्हणूनच मैलोन्‌मैल आधीपासून सशाचे चित्र असलेल्या पाट्या लावल्या आणि शेवटी दारात 'हे पाहा, आले' अशा अर्थाची मोठी पाटी उभारली. ज्याच्याजवळ भांडवल थोडे आणि जागा आडवळणाची, त्याने कल्पकतेची पदरमोड केली, एवढाच याचा अर्थ.

हॉलब्रुकच्या शंकूंचा करार तर वाणिज्याच्या वर्गात सांगण्यासारखा आहे. त्यांचा मूळ आराखडा फ्रँक रेडफर्ड या गृहस्थाचा. तो वापरून चेस्टर लुइस यांनी १९५० मध्ये हॉलब्रुकला मोटेल बांधले. मोबदला असा ठरला, की खोल्यांतून नाणे टाकले की अर्धा तास वाजणारे रेडिओ बसवायचे आणि त्यांत पडणारी दहा सेंटची नाणी रेडफर्डला पाठवायची. प्रवासी जितके अधिक, तितका मोबदला अधिक. प्रवासी आले नाहीत, तर देणेही नाही. जोखीम वाटून घेण्याची याहून सुटसुटीत रीत शोधून सापडणार नाही. अर्थात या साऱ्या व्यवहाराचा पाया एकच होता: दारावरून जाणारी वाहतूक. तो पाया या लोकांच्या मालकीचा नव्हता.

गिऱ्हाईक गेले

१९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत अमेरिकेने आंतरराज्य महामार्गांचा कायदा केला. एकेचाळीस हजार मैलांचे जाळे, खर्चातील नव्वद टक्के वाटा केंद्राचा, आणि पैसा इंधनावरील करातून. त्या काळातील ही एक प्रचंड सार्वजनिक बांधकाम योजना होती. तिचे समर्थन करणे मुळीच अवघड नाही. जुना रूट ६६ अरुंद होता, त्यावर आंधळी वळणे होती, आणि 'रक्ताळलेला ६६' हे त्याचे टोपणनाव काही उगाच पडलेले नव्हते. नव्या महामार्गांना समोरासमोरची वाहतूक नाही, चौक नाहीत, मधूनच कोणी आडवे येत नाही. त्यांनी वेळ वाचवला, मालवाहतूक स्वस्त केली आणि असंख्य जीव वाचवले. जुन्या रस्त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी ही बाजू नजरेआड करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

परंतु ज्या गुणामुळे नवा रस्ता सुरक्षित झाला, तोच गुण जुन्या गावांच्या मुळावर आला. नव्या महामार्गावर वाटेल तेथे चढता येत नाही आणि वाटेल तेथे उतरताही येत नाही. ठरावीक अंतरावर ठरावीक वाटा फुटतात. ज्या गावाजवळ वाट फुटली ते तरले, ज्याला ती दुरून मिळाली ते गेले. १९७३ मध्ये चाळीस क्रमांकाचा महामार्ग उत्तरेकडून निघून गेला आणि ॲम्बॉय एकाकी पडले. तेथील भूजल इतके खारट, की प्यायचे पाणी बाहेरून आणावे लागे. ज्या गावात कधीकाळी मोटारदुरुस्तीचे दुकान रात्रंदिवस उघडे असे, त्याच्यापाशी वाहतुकीखेरीज उपजीविकेचे साधन फारसे नव्हते. शेजारचे बगदाद हे ठाणे तर नकाशावरील नावापुरतेच राहिले. १९१२ ते १९१४ या काळात सलग ७६७ दिवस तेथे पावसाचा थेंब पडला नाही, हा अमेरिकेतील अवर्षणाचा विक्रम आहे. त्या अवर्षणातून तगलेले बगदाद रस्ता वळल्यावर मात्र तगले नाही.

ॲरिझोनातील सेलिगमनवर हा प्रसंग २२ सप्टेंबर १९७८ रोजी आला. आदल्या दिवसापर्यंत गावच्या मुख्य रस्त्यावरून मोटारींची रीघ होती. नवा टप्पा खुला झाला आणि ती रीघ एका दिवसात दुसरीकडे वळली. दुष्काळात माणूस आभाळाकडे पाहतो, मंदीत बाजाराकडे पाहतो. येथे आभाळही ठीक होते आणि बाजारही तेजीत होता. फक्त तो गावाबाहेरून चालला होता. १९८४ मध्ये विल्यम्स हे शेवटचे गाव बाजूला पडले आणि पुढच्या वर्षी रूट ६६ हे नाव राष्ट्रीय मार्गांच्या यादीतून काढून टाकण्यात आले.

न्हाव्याने केलेली संघटना

यानंतर जे घडले त्यामुळे ही कहाणी अभ्यसनीय ठरते. सेलिगमनमध्ये एंजल देल्गादियो नावाचे एक न्हावी होते. त्यांचे बंधू हुआन यांनी १९५३ मध्ये भंगारातील लाकूडफाटा वापरून एक छोटे उपाहारगृह बांधले होते. खोट्या मुठीचे दार ते त्यांचेच. गावातील धंदा बसल्यावर दोघा भावांना दोन मार्ग मोकळे होते: गाव सोडणे किंवा वाट पाहणे. एंजल यांनी तिसरा काढला. आसपासच्या गावांतील लोकांना जमवून त्यांनी १९८७ मध्ये ॲरिझोनाच्या ऐतिहासिक रूट ६६ची संघटना स्थापन केली आणि सरकारकडे एकच मागणी लावून धरली: रस्ता परत देता येत नसेल, तर निदान त्याचे नाव परत द्या. त्याच वर्षी राज्याने सेलिगमन ते किंगमन हा टप्पा 'ऐतिहासिक मार्ग' म्हणून घोषित केला. पाट्या पुन्हा लागल्या, आणि पाट्यांमागून प्रवासी आले.

या कृतीतील शहाणपण बारकाईने पाहण्याजोगे आहे. वाळवंटातील एकटे दुकान कितीही गमतीचे असले, तरी केवळ त्याच्यासाठी कोणी शंभर मैलांचे वळण घेत नाही. असे दहा थांबे एका माळेत असतील, तर मात्र तो प्रवास होतो. म्हणजे प्रत्येक दुकानदाराचा लाभ शेजाऱ्याच्या टिकण्यावर अवलंबून असतो. आणि तरीही माळ गुंफण्याचा खर्च आणि खटपट दुसऱ्याने करावी, असेच प्रत्येकाला वाटत राहते. सामायिक हिताची कामे बहुधा या एका कारणाने अडतात. सेलिगमनच्या न्हाव्याने अर्थशास्त्राचे पुस्तक न उघडता ही गाठ सोडवली. पुढे १९९९ मध्ये अमेरिकन काँग्रेसने या मार्गाच्या जतनासाठी छोटी अनुदाने देणारा कायदा केला, आणि २००६ साली 'कार्स' या चित्रपटाने महामार्गाने टाकून दिलेल्या गावाची कथा जगभरच्या मुलांपर्यंत पोहोचवली. तो चित्रपट तयार होत असताना त्याच्या कर्त्यांनी एंजल यांची भेट घेतली होती.

तथापि या यशाचे माप नीट घेतले पाहिजे. रटगर्स विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासानुसार या मार्गाच्या पर्यटकांचा वार्षिक खर्च सुमारे ३ कोटी ८० लाख डॉलर होता. आकडा मोठा दिसतो. पण आठ राज्यांत वाटला, तर सरासरीने दर राज्याच्या वाट्याला पन्नास लाख डॉलरही येत नाहीत. कुतूहलावर चालणारा धंदा हंगामी असतो आणि लहरीही. शिवाय ज्या गावाला धडपड्या न्हावी लाभला नाही, त्याचे काय? ॲम्बॉय तगले, कारण २००५ मध्ये आल्बर्ट ओकुरा या उपाहारगृहांच्या मालकाने सबंध गाव ४,२५,००० डॉलरला विकत घेतले आणि २००८ मध्ये तेथील पेट्रोलपंप पुन्हा सुरू केला. २०२३ मध्ये त्यांचेही निधन झाले. एखाद्या गावाचे भवितव्य एका धनिकाच्या आवडीवर लोंबकळत राहावे, ही काही समाधानाची स्थिती नव्हे. रस्त्याचेही तेच. मोहावीतील या मार्गावर १९३०च्या सुमाराचे शंभराहून अधिक लाकडी पूल आहेत. २०१४ च्या अवकाळी पुरांनी त्यांतील अनेकांची हानी केली, आणि दुरुस्तीचा भार उचलता उचलता स्थानिक प्रशासन मेटाकुटीस आले.

एकटेपणाची किंमत

आता त्या एकट्या प्रवाशाकडे वळू. आपण समाजापासून दूर आलो, ही त्याची भावना खोटी म्हणता येणार नाही. वाळवंटातील शांतता ही खरीखुरी गोष्ट आहे. पण तो ज्यावरून चालला आहे तो डांबरी पट्टा करातून बांधलेला, त्याच्या टाकीतील पेट्रोल ॲम्बॉयसारख्या ठिकाणी दुरून वाहून आणलेले, आणि पाण्याची बाटलीही तशीच. बार्स्टो ते नीडल्स हे सुमारे १४५ मैलांचे अंतर आहे. उन्हाळ्याच्या दुपारी तेथे मोटार बंद पडली, तर स्वातंत्र्याचा अर्थ घटकाभरात बदलतो. मग दूरवर दिसणारी जुनी पाटी मौजेची वस्तू राहत नाही; तेथे कोणी तरी माणूस असेल, एवढा एकच विचार मनात उरतो.

हे स्वातंत्र्य सर्वांना सारखे मिळाले, असेही नाही. १९३०च्या दशकात धुळीच्या वादळांनी आणि कर्जाने जमिनीवरून उठवलेली शेतकरी कुटुंबे याच रस्त्याने पश्चिमेस निघाली. त्यांच्या वाताहतीवर जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ मध्ये कादंबरी लिहिली. मौजेने भटकणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९३६ मध्ये लॉस एंजलिसच्या पोलिसांनी कॅलिफोर्नियाच्या सीमेवर चौक्या बसवून गरीब दिसणाऱ्यांना परतवून लावण्याचा उद्योग केला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील टपाल कर्मचारी व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यांनी कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढली. कोणत्या गावी आपल्याला खोली मिळेल, कोठे जेवण मिळेल, कोठे पेट्रोल भरता येईल, याची ती यादी होती. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा भेदभाव बेकायदा ठरवला आणि अल्पावधीतच त्या पुस्तिकेचे प्रयोजन संपले. मनाला येईल तेथे थांबावे, हे वाक्य एकाला सहज उच्चारता येत होते. दुसऱ्याला मात्र थांबण्यापूर्वी पुस्तक उघडावे लागत होते. गमतीदार थांब्यांच्या आठवणी काढताना या दारांवरून निमूटपणे पुढे गेलेल्यांचीही आठवण ठेवली पाहिजे.

हिशेबात न धरलेली बाजू

मुख्य प्रश्न उरतो तो न्यायाचा. नवा महामार्ग बांधताना ज्याची जमीन गेली त्याला अमेरिकेत मोबदला मिळाला. ज्याचे गिऱ्हाईक गेले त्याला काहीही मिळाले नाही. कारण दारावरून जाणाऱ्या वाहतुकीवर कोणाचा मालकी हक्क असत नाही, असाच तेथील न्यायालयांचा दृष्टिकोन राहिला. कायद्याच्या दृष्टीने हे सुसंगत असेल. पण निकोलस कॅल्डॉर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये मांडलेली कसोटी येथे आठवते. ज्यांचा लाभ झाला त्यांना हानी झालेल्यांची भरपाई करूनही काही शिल्लक उरत असेल, तर ती योजना हितकारक, अशी ती कसोटी. महामार्ग या कसोटीला सहज उतरतात. गोम इतकीच, की भरपाई करता येणे शक्य आहे एवढ्यावर हिशेब थांबतो. ती प्रत्यक्षात करण्याचे बंधन कोणावर येत नाही. लाभ कोट्यवधी लोकांत वाटला जातो, प्रत्येकाचे दहावीस मिनिटे वाचतात. हानी मात्र एका गावातील पन्नास कुटुंबांवर सगळीच्या सगळी कोसळते. पहिल्यांना ती दिसत नाही, आणि दुसऱ्यांचा आवाज महामार्गापर्यंत पोहोचत नाही.

हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. २००२ मध्ये मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला; नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. दोन्ही मार्गांवर प्रवेश आणि निर्गम ठरावीक ठिकाणीच. यांची गरज वादातीत आहे, आणि विदर्भ–मराठवाड्याला जलद मार्ग हवा होता हेही खरे. पण जुन्या रस्त्यांवरील ढाबेवाले, पंक्चर काढणारे, चहा–वडापावच्या टपऱ्या चालवणारे आणि हंगामात रस्त्याकडेला पेरू–संत्री घेऊन बसणाऱ्या बाया यांची जमीन कोणी संपादित केलेली नसते. म्हणून २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत. त्यांच्याकडून काही घेतलेच गेले नाही, असे कागदोपत्री दिसते.

यावर उपाय नाहीत असे नाही. महामार्गाच्या खर्चाचा अंदाज बांधतानाच बाजूला पडणाऱ्या गावांची मोजणी व्हावी. नव्या विश्रांतिस्थळांतील काही गाळे त्या गावांतील जुन्या व्यावसायिकांसाठी माफक भाड्याने राखून ठेवावेत. गावांकडे वळणाऱ्या वाटांवर ठळक फलक असावेत. आणि जुन्या रस्त्याची देखभाल नवा रस्ता झाला म्हणून सोडून देऊ नये. एकूण खर्चाच्या मानाने ही रक्कम किरकोळ ठरेल. सेलिगमनला आपले नाव परत मिळवायला नऊ वर्षे लागली, आणि तीही गावकऱ्यांच्या चिकाटीमुळे. ज्या कामाची जबाबदारी शासनाची होती, ते एका न्हाव्याने दुकान सांभाळून केले.

वाळवंटातून एकटा जाणारा प्रवासी बाटल्यांच्या झाडापाशी खुशाल थांबावा, गाढवांना खाऊ घालावा, खोट्या मुठीला फसून हसावे. त्या हसण्याने कोणाचा तरी संसार चालतो आणि ते चांगलेच आहे. मात्र या मौजेच्या जागा इतक्या विचित्र का आणि इतक्या विरळ का, हा प्रश्नही त्याने गाडीत बसताना स्वतःला विचारावा. महामार्गांचे आराखडे मंजूर करणाऱ्यांनी तर तो खडी पडण्यापूर्वीच विचारायला हवा.